सहावीच्या वर्गातला सकाळचा प्रश्न

आई गेली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मला नेमणुकीचा आदेश आला. चुडाव्याजवळच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा वर्ग. घरचे म्हणाले, कामात मन रमेल. मन रमलं नाही आणि दुखलंही नाही. परभणीहून सकाळच्या गाडीने यायचं, स्टेशनवरून ऑटोने शाळा, संध्याकाळी परत. जेवणाला चव नव्हती, पण जेवत होते.

शिकत असतानाच मी ठरवलं होतं, माझ्या वर्गात आधी मुलांचं मन बघायचं, धडा नंतर. आईला मी ते फोनवर रंगवून रंगवून सांगितलं होतं. आता त्यातला उत्साह गेला होता, ठरवलेलं तेवढं उरलं होतं. म्हणून ते केलं. परिपाठ झाला की मुलांना गोल बसवायचे आणि एकेकाला विचारायचे, आज कसं वाटतंय? एकजात सगळे सांगायचे, बरं हाय मॅडम. मुख्याध्यापकांनी अडवलं नाही. इथली पोरं असं बोलत नसतात, मनाला लावून घेऊ नका, एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर एका मुलीचे आईवडील ऊसतोडीला गेले आणि ती चुलतीकडं राहिली. शाळा चुकवायची नाही, अभ्यासही करायची. बोलणं तेवढं थांबलं. तिचा नंबर आला की ती खाली बघत बसायची. एका सकाळी मात्र तिने मान वर केली आणि मलाच विचारलं,

"मॅडम, तुमाला कसं वाटायलंय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"मला काहीच वाटत नाही," मी म्हणाले. "माझी आई वारली, तेव्हापासून."

ती म्हणाली, "मला बी काहीच वाटंना."

तिच्या शेजारचा मुलगा त्या दिवशी बरं हाय म्हणाला नाही. घरची शेळी मेली, पण तिचं कुणी नावच काढत नाही, असं त्याने सांगितलं. मग आणखी दोघं-तिघं बोलली. गणिताचा तास त्यातच गेला. मला हलकं वगैरे वाटलं नाही.

त्या मुलीच्या चुलतीकडून मी तिच्या आईचा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून लावून दिला. आई उसाच्या फडातच होती. वेणी कोण घालतं, भाकर कोण देतं, एवढंच दोघी बोलल्या. नंतर ती फोन कानाला लावून नुसतीच उभी राहिली. घंटा झाली. मुख्याध्यापक दारातून बघत होते. ते माझ्याऐवजी वर्गावर गेले.

पुढे ज्यांचे आईवडील फडावर गेले होते, त्या बाकीच्या मुलांनाही मी मधल्या सुट्टीत फोन लावून देऊ लागले. त्या वर्षी तेवढंच जमलं. मनात योजलेलं बरंच राहून गेलं.