पडायला शिकवणारे बाबा

आज सकाळी बाबा गेले.
रडू येईलच. त्याआधी त्यांच्या पडण्याची गोष्ट सांगते.

साठच्या दशकात बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. एका हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात बोट बर्फात अडकली. गोठलेल्या पाण्यावर तिथली माणसं स्केटिंग करत होती.

तिशी उलटलेल्या आमच्या बाबांनाही सुरसुरी आली.

आणि त्यांनी काय करावं? बूट काढले!

आपल्या देवगडला शेवाळलेल्या खडकांवर अनवाणीच चालतात ना, पायाची बोटं रोवून. त्यांना वाटलं, बर्फ म्हणजे तेच.
गारठ्याने पाय पोळले आणि बाबा आडवे.

गोदीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना पात्यांचे बूट बांधले. भाषा कळेना, म्हणून स्वतः पडून दाखवलं. गुडघे वाकव, कुशीवर पड, मग ऊठ. ते जमल्यावर तो समोर उलटा सरकायचा. हात पुढे, पण धरायचा नाही.
बाबा असेच शिकले.

त्यानंतर सुट्टीवर घरी आले, तर आई अंथरुणात. माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणात मोठा ताप आला होता, त्यात पाय लुळे पडले. पायांत ताकद परत आली, पण विहिरीवर एकदा पडली आणि उभं राहायचीच धास्ती घेतली.

"परत पडलंय तर?" एवढंच म्हणायची.

बाबांनी खळ्यात, म्हणजे अंगणात, पेंढा पसरला.
"चल गो, आधी पडाक शिक."

"ह्येचा डोक्या फिरला!" आत्या म्हणाली. अख्खी वाडी बघायला जमली. आई लाजून अर्धी झाली.
पण पडली. मग हसली. पुन्हा पडली.

मग बाबा तिच्यासमोर उलटे चालू लागले. हात पुढे, न धरता.

सुट्टी संपत आली होती.
"मी बोटीर गेल्यार तुका कोण उचलतलो?"

बाबा निघाले, त्या दिवशी आई खळ्याच्या कडेपर्यंत स्वतःच्या पायांनी आली.

ही सवय मात्र जन्मभर राहिली. देवळाच्या पायऱ्या असोत की एस.टी. स्टँड, बाबा तिच्यापुढे उलटे. आम्ही किती चिडवायचो!

आज बाबांना उचललं, तेव्हा आम्ही आईला दोन्हीकडून धरलं होतं. तिने आमचे हात सोडवले. एकटी खळ्याच्या कडेपर्यंत गेली आणि बाबांना म्हणाली,

"जावा तुमी. मी पडूचंय नाय."

बाबा, शेवटचा नमस्कार.