कामठ्याची चुंगडी

बाबांना सिनेमाला न्यायची अवदसा मलाच आठवली होती. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी उरकली होती आणि गोंदियाच्या टॉकीजमध्ये एक हिंदी विनोदी सिनेमा लागला होता. सरकारी कचेरीतल्या खाबूगिरीवरचा. ज्याला विचारावं तो पोट धरून हसत सांगायचा, एकदा पाहून या. मला वाटलं, बाबांची उभी नोकरी कचेरीत गेली, जुन्या गमती आठवतील, दोन तास हसतील तरी. रिटायर झाल्यापासून माणूस अगदी घुम्यासारखा झाला होता. आईला जिने चढणं होत नाही, म्हणून ती घरीच राहिली. मी बाबांना स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले.

बाबा एका कचेरीत जमिनीच्या कागदांच्या नकला देणारे बाबू होते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी माड्या चढवल्या. आमचं घर दोन खोल्यांचंच राहिलं आणि बाबांची सायकलही तीच. “पैशाले आपण हात नाही लावत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाहुणे आले की एकदा तरी यायचंच. आणि ते खरंही होतं, मी पोरगी आहे म्हणून सांगत नाही.

पण तांदूळ यायचे. आमच्याकडे हातभर शेत नाही, आणि तरी आम्ही बाराही महिने चिन्नोर खायचो. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. तो शिजायला लागला की चार घरं पलीकडे कळतं. कापणी-मळणी झाली की ज्यांची ज्यांची कामं बाबांनी केली असतील ते नागऱ्याहून, कामठ्याहून, आजूबाजूच्या गावांहून यायचे आणि ओसरीवर एकेक चुंगडी ठेवून जायचे. चुंगडी म्हणजे तरटाचं लहान पोतं. नवं निघालं जी, लेकरांले खाऊ द्या, एवढंच बोलायचे. नवा तांदूळ आपल्या माणसाच्या घरी पाठवायचा, ही इकडची रीत आहे. बहिणीकडे जातो, मामाकडे जातो, व्याह्यांकडे जातो. बाबांनी स्वतःला त्याच यादीत धरून ठेवलं होतं. पैसा घेतला तर ती लाच, हे तर नवं आहे, असं त्यांचं म्हणणं. लोक जीव लावतात म्हणून देतात.

आईने मात्र कोणाची चुंगडी कधी रिकामी परत पाठवली नाही. कोहळ्याच्या वड्या म्हणा, पापड म्हणा, काहीतरी भरून, सुतळीने तोंड बांधूनच द्यायची. तिला तेव्हाच काही कळत होतं की काय, देव जाणे.

बाबा रिटायर झाले त्या वर्षी तीन चुंगड्या आल्या. दुसऱ्या वर्षी एकही नाही. बाबांनी तांदळाची टिनाची कोठी घासून, उन्हात वाळवून तयार ठेवली होती. रोज सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचे. मग स्वतःच कारण सांगायचे. यंदा धानावर तुडतुडा पडला. यंदा पाण्यानं दगा दिला. लोकांना वेळ कुठं असतो आजकाल. आई आणि मी हो हो म्हणायचो. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मनात यायचं, रस्त्यावरून जाणाऱ्या एकेकाला धरून आणावं आणि म्हणावं, ठेव रे बाबा एक चुंगडी इथे.

शेवटी आईनेच डोकं चालवलं. मला बाजारातून दहा किलो चिन्नोर आणायला लावलं. घरातल्याच एका जुन्या चुंगडीत ते भरलं, तोंड शिवलं आणि बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते तेव्हा ओसरीवर ठेवून दिलं. बाबा आले तर म्हणाली, कामठ्याचा तो म्हातारा आला होता, बसला नाही, घाईत होता. हा म्हातारा पूर्वी न चुकता यायचा. आता थकला होता, आमच्याकडे फिरकत नव्हता, म्हणून आईने त्याचं नाव पुढे केलं. बाबांचा चेहरा काय फुलला! गल्लीभर सांगून आले, शिक्का हातात नसतानाही एक माणूस आठवण ठेवतो म्हणून.

त्यानंतर दर वर्षी आम्ही दोघी हेच करत आलो. चार वर्षं. आणि दर वर्षी बाबा रिकामी चुंगडी झटकून आईकडे द्यायचे, हिच्यात वड्या भर आणि कामठ्याकडे जाणारं कोणी असलं तर पाठव म्हणायचे. माझं सासर गावातच, म्हणून आई ती गुपचूप माझ्याकडे द्यायची. कामठ्याच्या वड्या चार वर्षं माझ्याच घरी तळल्या गेल्या. खोटं कशाला सांगू, चांगल्या लागायच्या.

तर सिनेमा. त्यात एक बाबू होता. देवीच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायचा, पैसे को हम हाथ नहीं लगाते. आणि घरी त्याची बायको दार उघडते तर काय, खाटेखाली कोहळे, फळीवर तुपाचे डबे, मोरीत बांधलेली बकरी. बकरी बाबूची धोतरं खात असते. सगळं टॉकीज हसून हसून आडवं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मागच्या रांगेतला एकजण ओरडला, “अपने यहाँ का बाबू भी ऐसाच था,” आणि पुन्हा हशा पिकला. तो कोणाबद्दल बोलला कोणास ठाऊक, गावात बाबू काय एकच होता? पण मी हसता हसता बाजूला पाहिलं, तर बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पडद्याकडे नाही, खाली पाहत होते. इंटरव्हल झालं तसे म्हणाले, चल घरी. माझं हसू तिथेच आटलं.

त्या दिवशी बाबांनी पानातला भात बाजूला सारला. फक्त पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, हा माणूस भाताला शिवत नाही, तू ये. मी गेले आणि गेल्या गेल्या तोंड सोडलं. म्हटलं, एवढं काय लावून घ्यायचं, सिनेमा आहे तो, हसायचं आणि विसरायचं. बाबांनी ऐकून घेतलं. मग इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं.

“मले एक सांग. लोक मले मानत होते का भेत होते?”

मग त्यांनीच सांगितलं. हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे, कामठ्याचा. बाकीच्यांनी दिलं तेव्हा माझ्या हातात शिक्का होता. पण तो आजही देऊन राहिला. तो म्हणाला मनानं देतो, तर बाकीच्यांनीही मनानंच दिलं असेल. मला कामठ्याला घेऊन चल.

माझ्या बापाची सगळी जिंदगी त्या एका चुंगडीवर येऊन ठेपली होती आणि ती चुंगडी माझ्या आईने दाभणाने शिवलेली होती.

स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटलं, सांगून टाकू. ती ऐकेना. तिने मला शिकवून ठेवलं, तू गाडी लाव, बाबा उतरेपर्यंत आधी आत जा आणि म्हाताऱ्याच्या कानावर घाल. मला ते पटलं नव्हतं, पण तिच्याकडे बघून हो म्हटलं.

झालं उलटंच. म्हातारा घरात नव्हता, रस्त्याला लागून असलेल्या खळ्यावर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून बसला होता. मी गाडी उभी करते न करते तोच बाबा उतरले आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन रामराम म्हणाले. आवाजावरून त्याने ओळखलं. बाबूजी, या जी, म्हणाला, खाट टाकायला लावली, चहा सांगितला. मी बाबांच्या मागे उभी राहून त्याला डोळ्यांनी, हातांनी, जमतील तेवढ्या खुणा केल्या. पण त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझ्या खुणा कोणाला दिसणार होत्या?

बाबांनी चहा येईपर्यंतही धीर धरला नाही. “तू ते तांदूळ देत होता ना, ते मनानं देत होता का भेवानं?”

म्हातारा म्हणाला, “भेवानंच जी. खोटं कायले सांगू.”

आणि मग तो सांगत गेला. रागाने नाही, गेल्या साली पाऊस किती झाला ते सांगावं तसं. नाही दिलं तर कागद अडकेल असं सगळे म्हणत, म्हणून सगळेच देत. एका वर्षी धान पार बुडालं होतं, तर त्याने गोंदियाच्या बाजारातून चिन्नोर विकत घेऊन आमच्याकडे आणून दिलं. त्या वर्षी त्याच्या घरची पोरं कणकी शिजवून खात होती. कणकी म्हणजे तांदळाचा चुरा. मी त्या वर्षी कितवीत असेन, याचा मी मनात हिशेब लावत बसले. आमच्या घरी तेव्हा भाताचा वास सुटला असेल. मग म्हाताऱ्यालाच वाटलं असावं की फार बोललो. तो म्हणाला, पण तुम्ही काम करून देत होते जी, चकरा नाही मारायला लावल्या. दुसरे तर घेऊनही करत नव्हते.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, आता उठतील. पण त्यांचा एक प्रश्न राहिला होता.

“मंग आता काऊन पाठवून राहिला गा? आता तं माह्या हातात काही नाही.”

“मी?” म्हातारा गोंधळला. “मी कायले पाठवीन जी? चिन्नोर लावणं सोडूनच चार-पाच वर्षं झाली.”

मी डोळे मिटून घेतले. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं असणार, ते मला बघायचं नव्हतं. उघडले तेव्हा ते खाटेवरून उठले होते आणि म्हाताऱ्यापुढे हात जोडून उभे होते. माझ्याकडून चुकलं, म्हणाले. म्हाताऱ्याने चाचपडत त्यांचे हात धरले आणि चहा थंड होतो म्हणून खाली बसवलं. दोघांनी चहा घेतला. (पुढच्या महिन्यात बाबांनी स्वतः बाजारातून चिन्नोर घेऊन त्याच्या घरी नेऊन दिलं. त्याच्या सुनेने चुंगडीत वालाच्या शेंगा भरून परत दिली.)

परतताना तळ्याच्या काठाशी बाया उकडलेले शिंगाडे विकायला बसल्या होत्या. बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि शिंगाडे घेतले. आईला शिंगाडे जीव की प्राण. गाडीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, तुझी माय? मी म्हटलं, हो. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, आणि वड्या? मी म्हटलं, मी खाल्ल्या. ते हसायला लागले. टॉकीजमध्ये जे हसू आलं नव्हतं ते सगळं कामठ्याच्या रस्त्यावर आलं. इतके हसले की मला गाडी सावरावी लागली. हसता हसता ते रडायला कधी लागले, मला कळलं नाही. मी तशीच हळूहळू गाडी चालवत राहिले. मलाही नीट दिसत नव्हतं.

आई दारातच उभी होती. आमचे चेहरे बघून तिने काहीच विचारलं नाही, भिंतीला धरून खाली बसली. बाबा आत गेले. कोठीवर यंदाची रिकामी चुंगडी घडी करून ठेवली होती, ती उचलली, झटकली, त्यात शिंगाडे ओतले आणि सुतळीने तोंड बांधलं. ती गाठ त्यांना जमली नाही, दोनदा बांधावी लागली. मग ती चुंगडी त्यांनी आईच्या मांडीवर ठेवली.

“रिकामी परत नाही पाठवत आपण,” म्हणाले. “ज्यानं तांदूळ दिले त्याले देजो.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती त्या गाठीवरून बोटं फिरवत बराच वेळ बसून राहिली, सोडवली मात्र नाही. मग पदराने डोळे पुसून उठली आणि आतूनच विचारलं, भात टाकू का?

टाक, बाबा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.