पान्याच्या जागी सुपारी

तानुबाईंचं तोरण अर्ध्यावर अडलं होतं. झेंडू संपला होता आणि पाठ सकाळपासूनच भरून आली होती. खंडेनवमी म्हणून म्हसरूळच्या त्यांच्या पत्र्याच्या गॅरेजात नवऱ्याचे, देवराम मिस्तरीचे, पाने-पक्कड हळदकुंकू लावून पाटावर मांडले होते. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा सासऱ्यांपासूनचा नेम. वर्षातून तेवढाच एक दिवस देवराम दुपारचा आडवा व्हायचा. आताही कमरेचा पट्टा न सोडताच निजला होता.

तेवढ्यात दिंडोरीकडून भिमाजीची जुनी जीप काळा धूर ओकत दारात थांबली. मागे झेंडूची पोती.

"मिस्तरी, गाडी ओढतच नाय. नोझल बदललं, फिल्टर बदलला, धूर हायेच. सांजच्या आत मार्केट गाठलं नाय, तर परवा हा झेंडू ढोरं बी हुंगायची नाय."

"दुसरी गाडी बघ."

"आज? आज रिकामी गाडी कुणाची हाय?"

देवराम कण्हत उठला. नुसत्या हातांनी बॉनेट उघडलं. थोडा धूर इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह असतो; तो उघडणारी रबरी नळी त्याने ओढून काढली. आता व्हॉल्व्ह मिटायला हवा, धूर कमी व्हायला हवा. भिमाजीने रेस दिली. धूर तसाच.

"काजळीनं उघडाच अडकलाय. इंजिनाला हवेऐवजी धूरच मिळतोय. नोझलचा काय दोष?"

"मग काढा की!"

"कशानं? दातानं?"

दोघंही तानुबाईंकडे बघू लागले. नेम मोडायचं त्यांच्या जिवावर आलं, आणि नवऱ्याची झोप मोडली ते त्याहून. पण देवाचीच फुलं दारात अडून बसली होती. त्यांनी हात जोडले, पाटावरचा एक रिंग पाना उचलला आणि त्याच्या जागी सुपारी ठेवली.

"बायको नसली तर पूजेत सुपारी चालते. पान्याला का नाही चालायची? एकच घ्या. बाकीचे बसू देत."

"वहिनी, तुमी वकील व्हायला पायजे होतं."

"आधी माझ्या तोरणाला फुलं काढा, भाऊ."

काजळी तव्याच्या बुडासारखी धरून बसली होती. स्टोव्हमधलं सगळं रॉकेल ओतलं, तेव्हा कुठे व्हॉल्व्ह हलला. तोरणापुरता झेंडू काढून देऊन भिमाजी निघाला, तेव्हा जीपमागे धूर जेमतेम दिसत होता. तानुबाईंनी पाना धुऊन, पुसून परत पाटावर ठेवला.

"जरा पडतो," देवराम म्हणाला. पण झोप आता येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुरणाची डाळ स्टोव्हवर अर्धी कच्चीच होती. अर्धं तोरण तसंच खुंटीला अडकवून तानुबाईंनी रिकामी बाटली उचलली. शेजारच्या कुसाबाईंकडून रॉकेल आणायचं होतं.