सोनेरी बंदूक कोणी घ्यायची?

झेरॉक्स काढून झाल्यावर मूळ कागद मशीनमध्येच विसरून जाणारे लोक असतात ना, तसे आमचे किस्से. दर रविवारी एखादा मागे राहतोच! पांढुर्ण्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रविवारी दुपारी अर्धं शटर पाडून आम्ही तिघं तिथल्या कॉम्प्युटरवर गेम खेळतो. मी वैशाली, सौंसर रोडवर संत्र्याची बाग असलेले नरेशभाऊ आणि सावरगावचा संघपाल मास्तर. तिघांची वयं विचारू नका, लाज वाटते.

गेम सोपा आहे. राक्षस मारायचे, त्यांच्यातून बंदुका पडतात, त्या बंदुकांनी आणखी मोठे राक्षस मारायचे. सगळ्यात भारी बंदूक सोनेरी. मला मिळाल्या, नरेशभाऊंना तर ढीगभर मिळाल्या. संघपालला तीन वर्षांत एकही नाही! आणि आता त्याची बदली झाली, पार मंडल्याकडच्या एका गावात. तिथे फोनवर बोलायलासुद्धा टेकडी चढावी लागते म्हणे. नेमकं तेव्हाच गेमचं एक्स्पान्शन आलं, म्हणजे नवा भाग. तो जाण्याआधी हा भाग संपवायचा आणि त्याला एक तरी सोनेरी मिळवून द्यायची, एवढंच आम्ही ठरवलं.

*

हे एक्स्पान्शन कंपनीने तयार व्हायच्या आधीच विकायला काढलं होतं. नरेशभाऊ भडकले.

"आम्ही व्यापाऱ्याले झाडावरचा माल देतो, तवा त्याले फळ तं दिसते! इथं बहारबी फुटला नाही अन् हे पैसे मागून राहिले!"

चांगलं पंधरा मिनिटं भाषण झालं. मी म्हटलं, "मग नका घेऊ."

"घेतलं ना वो सकाळीच!"

*

मग तो भाग एकदाचा तयार झाल्यावर डाउनलोड. तिन्ही कॉम्प्युटरवर एकदम लावलं आणि दुकानाचं नेट आडवं झालं. शनिवारी संध्याकाळी एक आजोबा उत्पन्नाच्या दाखल्याची प्रिंट घ्यायला आले. मी तोंड वर करून सांगितलं, "सर्व्हर डाउन आहे, थोडं थांबा." आजोबा बाकावर बसले. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. अर्ध्या तासाने त्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले,

"पोरी, माह्या दाखल्यात एवढं काय लिवलं हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाउनलोड थांबवलं, दाखला काढून दिला. पुन्हा लावलं तर पट्टी पहिल्यापासून सुरू!

*

नरेशभाऊंसोबत खेळणं म्हणजे डोक्याला ताप. बागेत माल निवडायची सवय. पडलेली प्रत्येक बंदूक उचलतात आणि भर लढाईत उभे राहून मोठी, मधली, बारीक असे तीन भाग करतात! मी मरून पडलेली, संघपाल शेवटच्या घटका मोजतोय, मी ओरडतेय, "भाऊ, वाचवा ना!"

"थांब वो! माल निवडून राहिलो!"

*

एक्स्पान्शनमध्ये एक मिशन आहे. नदीच्या मध्ये झेंडा, तो आपण जाऊन काढायचा. आता पांढुर्णा-सावरगावच्या माणसांना असलं मिशन देतात का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड मारतात, त्या गोटमारीत जाम नदीतला झेंडा सावरगाववाले राखतात आणि पांढुर्णावाले काढायला जातात, हे त्या कंपनीला कोण सांगणार! नरेशभाऊ आनंदाने पाण्यात उतरले. संघपाल त्यांच्याआधी पोचला आणि झेंड्यासमोर पाय रोवून उभा राहिला.

"मास्तर, बाजूले व्हा! काढा तो झेंडा!"

"मी सावरगावचा हाय, भाऊ. माह्या हातानं नाही होणार."

मिशन तीनदा हरलो. तीनदा! शेवटी मीच झेंडा काढला, तर मास्तर माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत.

*

शेवटचा रविवार. सोमवारी सकाळी मंडल्याकडे जायला संघपालची छिंदवाड्याची बस. शेवटचा राक्षस दोन तास मरेना. मेला एकदाचा, आणि संघपालच्या पायाशी सोनेरी उजेड पडला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बंदूक उचलली, गोल फिरवून पाहिली.

मग त्यांनी ती खाली ठेवली.

"तिथं नेट नाही. मी काय करू इचं? ताई, तुम्ही घ्या."

"छे! तीन वर्षांनी मिळाली तुम्हाला. नरेशभाऊ, तुम्ही तरी सांगा यांना."

"मास्तर, उचला. नाहीतर वैशालीले द्या."

"मला नको. भाऊंना द्या."

"माह्याजवळ लय हायेत. वैशाली, घे ना वो!"

"तुम्हीच घ्या, भाऊ!"

घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात साडी-चोळी कोंबतात ना, अगदी तसं चाललं होतं. प्रत्येक जण हात मागे घेतोय आणि बंदूक आपली जमिनीवर. गेममधून बाहेर पडलं की जमिनीवरचं सगळं नाहीसं होतं, हे तिघांनाही पाठ! तरी आग्रह काही संपेना. मी वैतागून म्हटलं, "आता कोणी उचलली नाही तर..."

आणि लाइट गेली. तिन्ही स्क्रीन काळ्या.

तीन वर्षं! मी कपाळाला हात लावून बसले. नरेशभाऊ काळ्या स्क्रीनसमोरच बटणं दाबत राहिले. अर्ध्या शटरखालून येणाऱ्या उन्हात संघपाल मास्तर शांतपणे चपला शोधत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता मले परत यावंच लागीन."