सरपणाआडची पिल्लं

मैंदर्गीहून लग्न होऊन सोलापुरात आलेली नागव्वा गिरणीच्या पाळणाघरात कामाला होती. बाया आपापल्या खात्यात कामावर गेल्या की त्यांची तान्ही लेकरं हिच्या मांडीवर. रडणारं पोर नागव्वाच्या खांद्यावर आलं की गप होतं, असं चाळीत सगळे म्हणत. तिलाही त्याचा थोडा ताठा होता.

दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात, सुट्टीच्या दिवशी ती चाळीमागं सरपण काढायला गेली, तर लाकडांच्या आडोशाला मांजराची चार पिल्लं. डोळेही न उघडलेली, एकमेकांच्या अंगावर पडून चिंचिं करणारी. आसपास मांजर दिसेना. आई टाकून गेली, असं नागव्वाच्या मनानं घेतलं आणि तिनं पिल्लं पदरात घालून घरी आणली.

टोपलीत जुनं लुगडं अंथरलं. गाईचं दूध कोमट करून बोळ्यानं पाजलं. संध्याकाळी एक भुरी मांजर दाराशी येऊन ओरडू लागली. दुधाच्या वासानं आली असणार म्हणून नागव्वानं केरसुणी उगारली. मांजर गेली आणि परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मात्र तिनं केरसुणी हाणलीच.

ते दूध पिल्लांना सोसलं नाही. पोटं फुगली, हगवण लागली, अंगं गार पडत गेली. नागव्वानं त्यांना पोटाशी धरलं, शेक दिला. तरी एकामागून एक तीन गेली.

शेजारची अंबुबाई लेकीकडं अक्कलकोटला गेली होती, ती परतली. टोपलीतलं उरलेलं पिल्लू बघून तिनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्या मांजरीची थानं बघितली न्हाईस व्हय? दुधानं तटलेली असतील की. ती दूध प्यायला न्हवती आली, पाजायला आली हुती."

गिरणीत लेकराला पाजायला धावत येणाऱ्या बायांना नागव्वा रोज स्वतः दार उघडून द्यायची.

अंबुबाईच्या सांगण्यावरून तिनं पिल्लू सापडलं होतं तिथंच, सरपणाआड नेऊन ठेवलं आणि दोघी लांब, नळाच्या ओट्यावर बसल्या. बराच वेळ कुणी आलं नाही. नागव्वा उठू लागली की अंबुबाई तिला हाताला धरून बसवी. ऊन कललं तशी मांजर आली. तिनं पिल्लू चाटलं, मानगूट तोंडात धरून उचललं आणि भिंतीवरून गेली.

थोड्या वेळानं ती परत आली. लाकडं हुंगली, फटीत पंजा घालून पाहिलं, ओरडली. बाकीची न्यायला आली होती. तशी ती पुढं कितीतरी दिवस येत राहिली. नागव्वा तिच्यासाठी दाराबाहेर दूध ठेवी, पण मांजर त्या दाराकडं फिरकली नाही.

नंतर चाळीत कुणाला कुठं पिल्लं सापडली की नागव्वा लांबूनच सांगायची, "हात लावू नका. आई येती. बाजूला बसून वाट बघा." न्हाईच आली तर, असं कुणी विचारलं की म्हणायची, "तवा बघू. आधी बसा तरी." आणि स्वतः मात्र तिथं थांबायची नाही.