पायांसकट फोटो

माझी पन्नास एमएमची लेन्स प्लास्टिकची आहे. वजनाला एखाद्या पेरूएवढी, आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त. दुकानदाराने ती काचेवर ठेवतानाच सांगितलं होतं, "ही झूम होत नाही. नंतर परत आणू नका."

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॅमेरा रूमवरच्या एका सीनियरचा होता. त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि जाताना तो मला देऊन गेला. लेन्स मात्र मी सुट्टीत सायबर कॅफेत काम करून नवी घेतली. पहिला फोटो काढला तो घरून आणलेल्या स्टीलच्या ग्लासचा. त्यावर कोरलेल्या नावाचा एकेक ठिपका वेगळा दिसला, आणि मागची धायरीतली अर्धवट बांधकामं विरघळून नुसते रंग उरले. इतकं नीट मी पुण्यात तोवर काही पाहिलंच नव्हतं, असं वाटलं.

रूमवर आम्ही चौघे होतो. बाकीचे तिघे आयटीत. त्यांच्या शिफ्ट वेगळ्या असल्यामुळे कुणी ना कुणी नेहमी झोपलेलं असायचं. कॉलेजात मी कमी बोलायचो. तोंडातून गावाकडचं 'मले', 'तुले' निघून जाईल याची भीती वाटायची. एकदा निघालंच होतं. मुलं हसली ती वाईट मनाने नसतील, पण त्यानंतर मी वाक्य मनात एकदा म्हणून बघायला लागलो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

या लेन्सची एक अट असते. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपणच त्याच्याजवळ जायचं. मला ते जमायचं नाही. त्यामुळे वर्षभर मी दारांच्या कड्या, भिंतीचे पोपडे, पार्किंगमधलं मांजर यांचेच फोटो काढले. सगळे अगदी स्पष्ट. त्यांत माणूस एकही नव्हता.

मग आई आली. गावातलं एक कुटुंब हडपसरला लग्नाला येणार होतं, त्यांच्याबरोबर. लग्न उरकल्यावर एक दिवस तिने माझ्यासाठी ठेवला होता. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, जास्त सुट्टी मिळत नाही. मी आधीच ठरवलं होतं, तिच्या चेहऱ्याचा एक फोटो काढायचा. जवळून, खिडकीच्या उजेडात. घरी तिचा असा फोटोच नव्हता. होते ते लग्नातले, पन्नास बायकांत हरवलेले. मला इथे, माझ्यापाशी, तिचा चेहरा हवा होता.

तिला कॉटवर बसवलं आणि पुढे झालो. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि पदर सावरत उठलीच.

"हा अर्धाच आला."

"अगं, चेहऱ्याचाच काढायचा आहे."

"अर्धा फोटो नोको काढू, बाबू. तो माणूस गेल्यावर लावतेत. तुह्या बापाचा हाय ना भिंतीवर. पाय आले पाह्यजे."

बाबांचा फोटो कापसाच्या जिनिंग मिलमधल्या ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. इतका पुसट, की डोळे कुठे संपतात ते कळत नाही. मी मागे सरकलो.

रूम दहा फुटांची. भिंतीला पाठ लावली तरी आई गुडघ्यांपर्यंतच मावायची. शेवटी तिला बाहेर गॅलरीत उभं केलं आणि मी मागे सरकत गेलो. पाय आले, तर ती म्हणाली, "थांब, चपला घालून येतो." त्या घालून आली आणि शाळेतल्या मुलीसारखी हात सरळ सोडून उभी राहिली. आता चपला चौकटीत येईनात, म्हणून मी आणखी मागे गेलो. शेजारचे निवृत्त काका दार उघडून आमच्याकडे बघत होते.

"आपण मघापासून पुढे-मागे करताय. चाललंय काय?"

"काका, आईचा फोटो. पाय येत नाहीयेत."

त्यांनी आईकडे पाहिलं, दोरीवरचा आपला टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाले, "अहो ताई, पाय आलेत. आता श्वास घ्या."

आईला हसू आलं. मी बटण दाबलं.

संध्याकाळी तिला गाडीत बसवून आलो. ती खिडकीतून "जेवत जाय" एवढंच म्हणाली. रूमवर एकजण तोंडावर चादर घेऊन झोपला होता. आवाज न करता मी फोटो लॅपटॉपवर उघडला. गॅलरी लांबलचक, कपड्यांच्या दोऱ्या पुसट झालेल्या, आणि मधोमध लग्नाला आणलेल्या साडीतली एक लहानशी बाई, चपलांसकट. एवढी लांब, की ती माझी आई आहे हे दुसऱ्या कुणाला सांगावंच लागलं असतं.

मी फोटो मोठा करत गेलो. वाटलं होतं, बाबांच्या फोटोसारखं सगळं फुटत जाईल. फुटलं नाही. भुवईतला पांढरा केस, पुसून तिरकी झालेली टिकली, हसू दाबताना वर गेलेला एक ओठ, सगळं त्यात होतं. एवढ्या स्वस्त काचेने हे एवढ्या लांबून कसं धरून ठेवलं, मला नीट सांगता येत नाही.

क्रॉपची चौकट मी चेहऱ्याभोवती ओढलीही. बटणावर बोट होतं. तिला कधी कळलं नसतं. मग चौकट काढून टाकली.

तिला प्रिंट पाठवली ती पायांसकट. माझ्याकडेही तोच आहे. कुणाशीच न बोलता दिवस गेला की तो उघडतो, चेहरा पडदाभर होईपर्यंत मोठा करतो, थोडा वेळ बसतो. बंद करण्याआधी पुन्हा पाय दिसेपर्यंत लहान करतो.