चैतातलं हिरवं

सकाळीच झळा लागत होत्या. गेल्या पावसाळ्यात आभाळ फिरकलंच नव्हतं, आणि आता चैतात पाथर्डीकडचं निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेलं. आसाराम त्यातलाच. हातोडीचा घाव, कपचीचा टवका, पुन्हा घाव.

त्याला एक खोड होती. भिंगारला बंगल्यांना चुना मारायला असताना कुणीतरी टाकून दिलेली रंगीत खडूंची पेटी त्यानं उचलून आणली, आणि तेव्हापासून दारासमोरचा डोंगर तो कागदावर उतरवायचा. श्रावणातला, सुगीतला, माघातला, चैतातला. भिंतीवर ओळीनं टांगलेले. लोक म्हणायचे, “डोंगूर दारात हाय की, मग भितीवर कशापायी?”

एकदा टोळीचा मुकादम भिमाजी त्याच्याकडं बिडी पेटवायला आला आणि चैतातल्या चित्रापुढं थबकला. सगळा डोंगर जळालेला. फक्त ओढ्याच्या वळणाला हिरवा पट्टा.

“हे हिरवं बघून काढलंस का रं?”

त्याच्या चित्रात काय आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आसाराम म्हणाला, “व्हय.”

“उन्हाळ्यात हिरवं म्हंजी बुडाला पानी!”

दुसऱ्या दिवसापासून खडीची सुट्टी झाली की गडी पहारी-टिकाव घेऊन ओढ्यावर खड्डा खणायला. आधीच पोटात धड भाकर नाही.

लंकाबाई, त्याची बायको, रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापता थापता म्हणाली, “कागद भकास दिसतुया म्हनून घरात बसून अंगठ्यानं चोळलंत तुमी ते हिरवं. म्या बघितलंय.”

“गप बस.”

“माती हाय तवर सांगा. खडक लागल्यावर कुनी ऐकायचं न्हाई.”

तो सांगणार होता. तेवढ्यात चुलतभावाची विधवा गोजरबाई दारात आली. तिचा सारा आधार एक गाय.

“भाऊजी, गाय छावनीला न्यायला टरक उभा हाय. पानी लागनार आसंल तर कशाला धाडू? ठिवू का?”

आसारामनं मान खाली घातली. “ठिवा,” म्हणाला.

खड्ड्यात काळा खडक लागला. पहार आपटली की ठिणगी उडायची, ओल नाही. चाऱ्या-पाण्यावाचून गोजरबाईची गाय बसली ती उठेना. गड्यांनी पोटाखाली वासा घालून उचलली. वासा काढला तशी ढासळली. दुपारी डोळे फिरवले तिनं.

त्या संध्याकाळी आसाराम खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. “हितं हिरवं नव्हतं. म्या उगंच भरलं.”

भिमाजीनं पहार टाकली. “म्हंजी आमी कागद खनत हुतो व्हय रं?”

कुणीतरी फसकन हसलं. दुसरं कुणी हसलं नाही.

गोजरबाई हातात रिकामं दावं घेऊन उभी होती. “भाऊजी, म्या तुमाला इचारलं हुतं की.” एवढंच बोलली आणि घराकडं वळली.

घरी येऊन त्यानं चित्र उतरवलं, हिरवं पुसायला अंगठा फिरवला. खडूच तो, निघायचं सोडून सगळ्या डोंगरावर पसरला. लंकाबाई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. आता काय त्याचं.” अंगठा धुवायला पाणी कुठलं? त्यानं तो मातीत घासला.

सकाळी कामावर गेला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं उठून पलीकडं जाऊन बसली. आसारामनं धोतर आवरलं, मोठा दगड पुढ्यात ओढला आणि हातोडी उचलली.